फाळक्यावरची न्याहारी

माझ्या मालाला ज्या माणसाने चार वर्षं बोटसुद्धा लावलं नाही, त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे. हे वाचून कुणाला वाटेल की बरंच झालं की, मालाला हात न लावणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. पण त्या माणसाला ओळखणारा कुणी असं म्हणणार नाही. त्या माणसाचा हात म्हणजे शिक्का होता, आणि तो साऱ्या कुवेतमध्ये फक्त माझ्याच मालावर पडत नव्हता.

आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो. ते सुभेदार कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात बसऱ्याच्या लष्करी रेशन डेपोत ते हवालदार-कारकून होते, एवढंच. युद्ध संपल्यावर साताऱ्याला परत जाण्याऐवजी ते खाली कुवेतला उतरले आणि शुवैखमध्ये एका कंत्राटदाराचं गोदाम सांभाळू लागले. बढती आम्ही दिली. त्यांनी ती नाकारली नाही, फक्त पहिल्या दिवशी विचारलं, "पगार कोण देणार?"

शुवैखच्या गोदामांत आणि गॅरेजांत काम करणाऱ्या आम्हा हिंदी लोकांचा एक क्रिकेटचा संघ होता. हिवाळ्यात दर शुक्रवारी सामना. कधी बंदराच्या मागच्या पटांगणावर, कधी अहमदीला तेल कंपनीच्या लोकांशी. जमीन कडक वाळूची, वर काथ्याची चटई ठोकून खेळपट्टी केलेली. सुभेदारांना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. पायचीत म्हणजे काय हे त्यांना तीन जणांनी तीनदा समजावलं, आणि तिन्ही वेळा ते म्हणाले, "मग पाय तिथे ठेवायचा कशाला?" पण सामन्याआधीची न्याहारी त्यांची. ती त्यांनी कुणाकडून मागून घेतली नव्हती. एका शुक्रवारी आमचे दोन फलंदाज उपाशीपोटी पंचांच्या अंगावर धावून गेले, ते त्यांनी पाहिलं आणि पुढच्या आठवड्यापासून कारभार हातात घेतला. "पोटात काही नसलं की माणूस पंचाशी भांडतो," असं त्यांचं म्हणणं होतं.

न्याहारी लॉरीच्या पाठीवरून वाढायची. मैदानाच्या कडेला लॉरी उलटी लावायची, मागचा फाळका साखळ्यांवर आडवा सोडायचा, त्यावर पांढरी चादर, आणि तेच टेबल. लॉरी माझी. तेव्हा माझ्याकडे एक लॉरी, पत्र्याची एक शेड आणि एक मेकॅनिक एवढंच होतं. रत्नागिरीच्या खाडीतून खलाशी म्हणून निघालेल्या माणसाला ते फार वाटायचं. न्याहारीचं बरंचसं सामान आणणं माझ्याकडे होतं, कारण बाजारात माझ्याइतका भाव कुणी पाडू शकत नसे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बाजारातले इराणी मला पाहून दुकानातला कांदा झाकून ठेवायचे.

विरोधी संघालाही न्याहारी द्यायची, हा सुभेदारांचा नियम. आधी त्यांना वाढायचं, आणि भरपूर. अहमदीचा एक उंच गोलंदाज होता, त्याच्या ताटात ते स्वतः तिसऱ्यांदा रस्सा घालायचे, पाठीवर हात फिरवायचे, "आणखी घ्या, पोरगेलं अंग आहे तुमचं" म्हणायचे. त्याची पहिली चार षटकं आम्ही आरामात खेळून काढायचो. यात डाव होता की निव्वळ आदरातिथ्य, ते मला आजवर कळलेलं नाही. सामना सुरू झाला की ते मैदानाकडे पाठ करून बसायचे आणि वाळूने टोप घासायचे. त्यांचा सामना नऊ वाजता संपलेला असायचा.

स्वतः ते शाकाहारी. म्हणून टोप दोन असायचे, एक मटणाच्या रश्शाचा, एक वाटाण्याच्या उसळीचा. स्वयंपाक इसाकभाईचा. हा माझ्याच तालुक्यातला आचारी, शुवैखला खानावळ चालवायचा. पाव नाही, इराण्याच्या भट्टीतल्या गोल रोट्या. बर्फाची लादी भुश्यात गुंडाळून.

बर्फावरूनच आमचं पहिलं बिनसलं. मी लादी अर्ध्या भावात आणली होती. त्यांनी पोतं उघडलं, लादीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "व्यापारी, किती वेळ घासाघीस केलीत?"

"दहा मिनिटं. का?"

"तेवढ्यात दोन शेर वितळली. वाचवलेत किती?"

सगळे हसले. मला ते "व्यापारी" म्हणायचे, आणि ते शेठ म्हणण्यापेक्षा वाईट लागायचं.

तळवा ठेवणं ही त्यांची खोडच होती. डेपोत आणि गोदामात मिळून वीस वर्षांत त्यांनी एवढ्या पेट्या, पोती आणि डबे मोजले होते की त्यांचा डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. प्रत्येक गोष्टीला हात लावायचा. हिवाळ्यात अन्न गरम राहावं म्हणून टोप गोधड्यांत गुंडाळून आणायचो, तर ते लॉरीत चढून प्रत्येक गोधडीखाली हात सरकवायचे, मुलाचा ताप पाहतात तसा. मग म्हणायचे, "गरम आहे." ते म्हटल्याशिवाय फाळका पडायचा नाही. इतरांनी आणलेल्या सामानालाही ते हात लावायचे, पण मला वाटायचं की माझ्या सामानावर त्यांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळतो. अजूनही वाटतं.

दुसरी खोड गुरुवारची. गुरुवारी संध्याकाळी काम सुटलं की माझ्या शेडसमोर न्याहारीचा सराव व्हायचा. खरोखर सराव. टोप दोन्ही, पण आत अन्न नाही, अन्नाच्या वजनाची वाळू. फडक्याने तोंड बांधून, गोधडीत गुंडाळून, लॉरीत चढवायचे, उतरवायचे, फाळक्यावर मांडायचे, आणि दोन संघांच्या हिशेबाने, गोदामांतले धरून, आम्ही बावीस माणसं ताटल्या घेऊन रांगेत. प्रत्येकाला एकेक पळी वाळू. सुभेदार खिशातलं घड्याळ हातात धरून उभे. बावीस माणसं चौदा मिनिटांत वाढून झाली पाहिजेत. सतरा लागली की सगळ्यांनी वाळू टोपात परत ओतायची आणि पुन्हा रांग. वाळूच का, असं एकदा कुणीतरी विचारलं. "रिकामा टोप उचलायला शिकवून काय उपयोग?" ते म्हणाले. "उद्या भरलेला हातातून सुटेल."

आजूबाजूच्या गॅरेजांतले लोक हा तमाशा बघायला यायचे. सिंधी, इराणी, पलेस्तिनी. मी त्या वेळी शेडमध्ये काहीतरी शोधत राहायचो.

आता ज्या शुक्रवारपासून हे सुरू झालं, त्याचं. रुपये जाऊन दिनार आले त्या सुमाराचा हिवाळा. माझी शेड माझी असली तरी कागदावर एका कुवेती माणसाच्या नावावर होती. तिथे तसंच असतं. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. म्हातारा, जुना नाखुदा. तरुणपणी गलबत घेऊन मुंबईला, मलबारला खेपा केलेला, त्यामुळे हिंदुस्थानी बऱ्यापैकी बोलायचा. शेडच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि शेजारचा गॅरेजवाला त्याला माझ्यापेक्षा जास्त देऊ करत होता. मला बातमी लागली तेव्हा मी धावत अरबाबच्या दिवाणखान्यात गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही लोक शुक्रवारी लॉरीवर जेवता असं ऐकतो. मी येतो. खाऊ, मग बोलू."

सही मिळाली नाही तर शेड जाणार, लॉरी उभी करायला जागा नाही, मेकॅनिकला काढावं लागणार, आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या गलबतावर. हे मी संघात कुणाला सांगितलं नाही. सुभेदारांना एवढंच सांगितलं की माझा अरबाब येतोय, रस्सा चांगला पाहिजे.

ते म्हणाले, "रस्सा सगळ्यांसाठी चांगलाच असतो."

त्या गुरुवारी सरावाला मी आधीच तापलेला. मी स्वतः गोधड्या बांधल्या होत्या, गाठी मारल्या होत्या. सुभेदार लॉरीत चढले आणि सवयीने गोधडीखाली हात घातला. आत वाळू होती. वाळूचा ताप पाहत होते.

माझा तोल गेला. बघायला आलेल्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आत रेती आहे सुभेदारसाहेब. तीसुद्धा तुम्हाला तपासायची आहे? चोर समजता मला?"

"सवय आहे."

"सवय इतरांच्या मालाला. उद्या माझ्या मालाला हात लावलात तर लॉरी जिथे असेल तिथून वळवीन."

ते खाली उतरले. घड्याळ खिशात ठेवलं. दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "ठीक. नाही लावणार."

सराव तिथेच मोडला. लोक पांगले. एरवी सराव संपला की टोप रिकामे करून इसाकभाईकडे पोचवायचे, त्यात तो पहाटे स्वयंपाक करायचा. मी रागारागाने लॉरी शेडमध्ये घातली, कडी लावली आणि घरी गेलो. टोप लॉरीतच.

इसाकभाईने वाट पाहिली आणि आपल्या खानावळीच्या दुसऱ्या दोन टोपांत रांधलं. पहाटे ते गोधडीत गुंडाळून दाराशी ठेवले. मी उजाडण्याआधी लॉरी घेऊन पोचलो. आत जाऊन रोट्या मोजून घेत होतो, आणि आतूनच मेकॅनिकला विचारलं, "टोप चढले का रे?"

त्याने फळीवरून लॉरीत डोकावून पाहिलं. गोधडीत बांधलेले दोन टोप समोर दिसत होते. "चढलेत," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.

अहमदीच्या मैदानावर पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. सुभेदार संघाच्या दुसऱ्या गाडीतून आले. मी लॉरी उलटी लावली, फाळका सोडला, चादर अंथरली. ते खाली उभे, हात पाठीमागे. नजर गोधडीवर गेली, माझ्यावर आली, आणि पुन्हा समोरच्या वाळवंटाकडे. "गरम आहे" म्हटलं नाही. मी मनात म्हटलं, बरा सरळ केला.

अरबाब त्याच्या लांबलचक गाडीतून आला, बरोबर मेहुणा. सुभेदारांनी आपल्या पिशवीतून थर्मास काढला, अरबी कॉफी आणि खजूर पुढे केले. हे त्यांनी स्वतःच्या मनाने आणलं होतं, मला विचारलं नव्हतं. अरबाबने तीन पेले घेतले, पेला हलवून पुरे झाल्याची खूण केली. मी गोधडी सोडली, फडक्याची गाठ काढली.

वाळू. नीट सपाट केलेली, कारण सरावातही सुभेदारांना वरचा थर सारखा लागायचा.

मी दुसऱ्या टोपाकडे वळलो, खरं तर वळायची गरज नव्हती. तीस-पस्तीस किलोमीटर मी वाळवंटातून वाळू वाहून आणली होती, आणि ती वाढायला माझ्या अरबाबला बोलावलं होतं. कानात गलबताच्या तळाशी येतो तसा आवाज भरला.

सुभेदारांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं. हळूच मराठीत म्हणाले, "झाका."

मी झाकलं. ते सरळ अरबाबपुढे गेले. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारतील, गाडी बिघडली, आचारी आजारी. मी स्वतः तीन थापा तयार केल्या होत्या आणि त्यातली बरी कोणती ते ठरवत होतो.

"साहेब," ते हिंदुस्थानीत म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली. जेवणाचे टोप शुवैखला राहिले, सरावाचे इथे आले. दर वेळी मी हात लावून बघतो, आज बघितलं नाही."

"सरावाचे म्हणजे?"

"दाखवा," सुभेदार मला म्हणाले. हात अजून पाठीमागेच.

मी फडकं काढलं. म्हाताऱ्याने मूठभर वाळू उचलली, बोटांतून सोडली, पुन्हा उचलली. मेहुणा हसू लागला तसा त्याला एका नजरेत गप्प केलं. मग सुभेदारांना एकेक गोष्ट विचारली. वाळू का? वजन किती? किती माणसं, किती वेळ? सुभेदारांनी घड्याळ काढून दाखवलं आणि चौदा मिनिटांचा हिशेब सांगितला.

म्हातारा फाळक्याला टेकला. म्हणाला, तो नाखुदा असताना निघण्याच्या आदल्या दिवशी बंदरातच सगळं शीड चढवून उतरवायला लावायचा. किनाऱ्यावरचे लोक हसायचे. एका वर्षी त्या हसण्याला लाजून त्याने ते केलं नाही. त्या वर्षी भर समुद्रात दोर तुटला आणि एक माणूस गेला.

मग त्याने आपल्या ड्रायव्हरला गाडीची चावी फेकली. "शुवैख. जेवण घेऊन ये." माझा मेकॅनिक ड्रायव्हरशेजारी बसला. गाडी धुरळा उडवत गेली. म्हातारा सुभेदारांकडे वळला. "तासभर लागेल. तोपर्यंत सराव दाखव."

दोन्ही संघ मिळून बावीस माणसं, पंच, अरबाब आणि त्याचा मेहुणा ताटल्या घेऊन रांगेत उभे राहिले. सुभेदार टोपाला हात लावू शकत नव्हते, म्हणून वाढायला मी. सगळ्यांत आधी अरबाब. मी पळीभर वाळू त्याच्या ताटलीत घातली. त्याने ती चमच्याने ढवळली, नाकाशी नेली.

"नमक कम है," तो म्हणाला.

आधी कुणी हसलं नाही, कारण मी हसलो नव्हतो. मग अहमदीचा तो उंच गोलंदाज आपली ताटली पुढे करत म्हणाला, "सुभेदारसाहेब, मला आज दोनदाच वाढा, गोलंदाजी करायची आहे." तेव्हा सगळी रांग फुटली. म्हातारा ताटली फाळक्यावर ठेवून डोळे पुसत होता. मी पळी टोपात ठेवून लॉरीच्या चाकावर बसलो.

"उठा," सुभेदार घड्याळाकडे बघत म्हणाले, "सोळा माणसं राहिलीत."

खरं जेवण आलं तेव्हा अरबाबच्या गाडीच्या डिकीत थोडी उसळ सांडली होती. त्याने ती बोटाने चाखली. पोटभर जेवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "शनिवारी कागद घेऊन ये. तो दुसरा जास्त देतो. पण तुझ्याकडे चूक झाली की तोंडावर सांगणारा माणूस आहे. त्याच्याकडे मला तसा कुणी दिसला नाही."

म्हणजे सही मिळाली, तीही सुभेदारांमुळे. त्या दिवशी मला ते चाललं. परतताना लॉरी चालवत मी गाणं म्हणत होतो असं मेकॅनिक सांगायचा. सामना आम्ही हरलो, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझं दुखणं पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांच्या गोदामात गेलो आणि म्हणालो, "चूक माझी होती."

"हात कुणी लावला नाही?"

"तुम्ही."

"मग चूक कुणाची?"

"अहो पण टोप मी नेले, मी विसरलो, मी बघितलं नाही."

"तुमचं काम वाहण्याचं. बघण्याचं माझं." आणि ते खिळ्यांची पेटी मोजायला लागले.

आयुष्यात मी प्रत्येक वस्तूवर घासाघीस केली आहे. ती चूक माझी स्वतःची होती, आणि त्या माणसाने ती एका शब्दात उचलून नेली, मला भावसुद्धा बोलू दिला नाही. लोक म्हणतात उपकार झाले. मला अजून राग येतो.

आणि पुढच्या गुरुवारी सरावाला ते आले ते हात पाठीमागे बांधूनच. इतरांच्या बर्फाला, रोट्यांना, ताटल्यांना तळवा लावला. माझ्या टोपांपाशी आले आणि म्हणाले, "तुम्ही बघा." मी गोधडीखाली हात घातला. "काय?" "गार आहे, रेती आहे." "ठीक." शुक्रवारी पुन्हा, "तुम्ही बघा." "गरम आहे." "ठीक." चार हिवाळे असे गेले. एकदा खानावळीत दोघेच होतो तेव्हा मी म्हणालो, "आता पुरे झालं की. लावा हात." ते म्हणाले, "तुम्ही चारचौघांत सांगितलं होतंत." मला कळलं, चारचौघांत घातलेला शब्द चारचौघांतच मागे घ्यायला हवा. तेवढं माझ्याने होईना. एका शेडच्या चार झाल्या होत्या, लॉऱ्या तीन. त्या गॅरेजवाल्यांसमोर, माझ्या माणसांसमोर मान खाली घालायची? दर गुरुवारी ठरवायचो आणि दर गुरुवारी स्वतःच गोधडीत हात घालायचो. एक मात्र झालं. त्यानंतर माझ्या हातून कधी चुकीचा माल गेला नाही. मी रात्री झोपेतसुद्धा उशीखाली हात घालून बघतो असं बायको म्हणते.

ते साताऱ्याला कायमचे निघाले तेव्हा शुवैखच्या बंदरात अख्खा संघ आला होता, इसाकभाई, आजूबाजूचे गॅरेजवाले, अरबाबचा मेहुणासुद्धा. म्हातारा तोवर गेला होता. बोटीच्या शिडीपाशी गर्दी. सुभेदारांचं सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी, दोन्हींना ते स्वतः हात लावून मोकळे झाले होते. मी वाटाण्याच्या उसळीचा डबा आणला होता, इसाकभाईकडून सकाळी करून घेतलेला, जुन्या गोधडीच्या तुकड्यात बांधून. मी तो पुढे केला. त्यांनी कडीला धरून घेतला, फक्त कडीला.

"व्यापारी," ते म्हणाले, "जपून."

ते पहिल्या पायरीवर चढले. मला घाम फुटला होता, जानेवारीत. मी मोठ्याने म्हणालो, इतक्या मोठ्याने की वरच्या खलाशांनीही खाली पाहिलं, "सुभेदारसाहेब, माझ्या मालाला हात लावून बघा."

ते थांबले. डबा डाव्या हातात घेतला. उजवा हात हळूच गोधडीखाली सरकवला आणि तिथे ठेवला, बराच वेळ, मागचे प्रवासी खोळंबले तरी.

"गरम आहे," ते म्हणाले, आणि वर गेले.